दुवे

ऑलेसुनच्या धक्क्यामागे, दुसऱ्या मजल्यावर,
जाळी ओढणाऱ्या विंचांच्या पुस्तिका जिथे तयार होतात,
सोल्फ्रिद बिऱ्हाड हलवते आहे:
अठ्ठ्याण्णव साली बांधलेल्या मदत-फाइलीतून
यंदाच्या आवृत्तीत.
अनुक्रमणिका म्हणते पानं चौदाशे बारा.
फाइल म्हणते चौदाशे तेरा.

आधी प्रत काढली. मग प्रतीची प्रत.
मग ‘रूपांतर करा’वर बाण ठेवून
ती थोडा वेळ नुसतीच बसली,
गार पाण्यात पाय टाकायच्या आधी बसतात तशी.

पहिल्या खेपेला सगळं आलं,
फक्त तिच्या मुळाक्षरांच्या अगदी शेपटाला उभी असणारी
तीन भावंडं वाटेत सांडली.
त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं.
बेटाला तिच्या भाषेत दोनच अक्षरं,
त्यातलं एक बुडालं.
‘यंत्र थांबवणे’ याचं झालं
‘? थांबवणे’,
जणू विंचच विचारतोय, खरंच थांबू?
आणि पहिल्या पानावर, लेखिका:
ब्?र्ग हेस्कदाल.

एका खुणेचं काम होतं. चुकीची लिपी निवडली गेली होती.
दुसऱ्या खेपेला ब्यर्ग सबंध आली.

तीनलाच अंधार. अहवाल आला तो अंधारातच:
तुटके दुवे सदतीस,
अनाथ पान एक.

सदतिसांचं काही विशेष नाही.
कुणाचं शीर्षक बदललेलं,
कुणाची चित्रं कधीच भंगारात गेलेल्या संगणकाच्या
डी ड्राइव्हवर राहिलेली,
एक तर फॅक्सच्या नंबराकडे बोट दाखवत उभा.
तिने ते एकेक करून सांधले. कॉफी गार झाली.

मग अनाथ पान उघडलं. शीर्षक: ‘एकटे असाल तर’.
अनुक्रमणिकेत नाही, सूचीत नाही,
कुठल्याच पानावरून इकडे वाट नाही.

*रात्री डेकवर एकटे असाल तर विंच चालवू नका.
चालवणारच असाल तर अंगठी काढा,
बाह्या कोपराच्या वर घ्या,
लाल बटण डाव्या हाताशी येईल असे उभे राहा.
आणि त्याआधी कुणाला तरी उठवा.
तो चिडेल. चिडू द्या.*

नव्या आवृत्तीत एक चौकट आहे,
‘अनुक्रमणिकेत नसलेली पानं वगळा’,
आणि तिच्यात बरोबरची खूण आधीच केलेली असते.

फोनवर ब्यर्गच्या मागे कुठेतरी किटली शिट्टी घालत होती.
‘वकिलांनी काढायला लावलं ते.
म्हणाले, हे छापलं तर माणसं एकटी राबतात
हे आपल्याला माहीत होतं असं ठरेल.
माहीत होतंच की.
मी अनुक्रमणिकेतून काढलं.
फाइलीतून काढ, असं कुणी म्हणालं नव्हतं.’

‘पण मग ते सापडणार कुणाला?’

‘शोधाच्या खिडकीत “एकटा” लिहील त्याला.’
किटली थांबली.
‘विंचच्या पुस्तिकेत तो शब्द
दुसरं कोण शोधायला जातं, पोरी?’

सोल्फ्रिदने खूण काढली.
तेवढ्याने भागलं असतं.
पण ‘आणीबाणीत थांबवणे’ या पानाच्या तळाशी
तिने आणखी एक ओळ घातली, निळी, अधोरेखित:
एकटे आहात?
आणि तिथून दुवा दिला.
(आपल्याकडे दुवा देणं म्हणजे आणखीही काही होतं.
तिला ते कुणी सांगितलेलं नाही.)

बांधणी सुरू. चार टक्के. नऊ.
धक्क्यावर एक बोट सुटते आहे,
डेकवर पिवळ्या रेनकोटातले दोघे,
नाही, तिसराही आहे, दोर गुंडाळणारा.
एकतीस टक्के.
उद्या सकाळी वकिलांना कळेल.
ती कपाच्या तळाची साय बोटाने काढते
आणि वाट बघते, आकडा
चौदाशे तेरावर थांबतो का.